राजाश्रय आणि विसावा हिस्सा

आपल्या कित्येक वस्त्यांत एक दृश्य दिसते. विहाराचा पाया भरलेला, भिंती कमरेपर्यंत आलेल्या आणि काम बंद. का बंद म्हणून विचारावे, तर उत्तर येते, "साहेब निधी देणार होते, पण ते निवडणुकीत पडले." मग नव्या साहेबांची वाट पाहणे सुरू होते. बंधू-भगिनींनो, धम्मकार्य सत्तेच्या भरवशावर सोडावे काय? या प्रश्नाचा जुना दाखला आपल्याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगरात आहे.

इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक सम्राट हरिषेण राज्य करीत होता. सोळाव्या लेण्यातील शिलालेखात त्याच्या पराक्रमाच्या ओघात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, लाट, आंध्र या देशांची नावे येतात. ते लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने दिले. शेजारचे सतरावे लेणे एका मांडलिक राजाने धाकट्या भावाच्या मृत्यूच्या शोकात कोरविले. अनित्यतेचा घाव राजालाही चुकत नाही. अशा दानाची आपण थट्टा करू नये. जगाला थक्क करणारी चित्रे त्याच दानातून निर्माण झाली.

पण हे वैभव टिकले किती? अजिंठ्याच्या अभ्यासात आयुष्य घालविलेले अमेरिकन संशोधक वॉल्टर स्पिंक हरिषेणाची कारकीर्द सुमारे ४६० ते ४७७ अशी मांडतात, म्हणजे उणीपुरी सतरा वर्षे. सम्राट गेला, साम्राज्य मोडले, छिन्नी थांबली. चोविसावे लेणे पुरे होते तर तेथील सर्वांत मोठ्या विहारांत गणले गेले असते. ते अर्धवटच राहिले.

याउलट कन्नड तालुक्यातील पितळखोरा पाहा. ही लेणी त्याहून पाच-सहाशे वर्षांनी जुनी. तेथे खांबांवर दात्यांची नावे आहेत. त्यांत पैठणचा, सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या कुळातला मितदेव आहे. एका यक्षमूर्तीवर कान्हदास सोनाराचे नाव आहे. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातही दर्शनी भाग एकाचा, भिंत दुसऱ्याची. ज्याला जेवढे झेपले तेवढे त्याने दिले.

स्पिंक यांनी आणखी एक गोष्ट दाखविली आहे. बडे दाते निघून गेल्यावर भिक्षूंनी आणि साध्या उपासकांनी मोकळी भिंत सापडेल तेथे लहान लहान बुद्धमूर्ती कोरविल्या. दरबारी योजनेत त्यांना जागा नव्हती. मला तरी त्या वेड्यावाकड्या जागी बसलेल्या मूर्ती पाहूनच अधिक भरून येते.

परमपूज्य बाबासाहेब देशाचे कायदेमंत्री राहिले होते. सरकारी तिजोरी काय असते हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. तरी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्याचा निश्चय करावा असे सांगितले. कोणी म्हणेल, आमचे हातावर पोट. खरे आहे. पण चारशे रुपये रोजाचा विसावा हिस्सा वीस रुपये होतो. पितळखोऱ्याचा खांब याच हिशेबाचा.

सरकारी निधी मागूच नये असे माझे म्हणणे नाही. तो आपल्याच कराचा पैसा आहे, हक्काने मागावा. मात्र तो येईपर्यंत कमरेएवढ्या भिंतींच्या आत पौर्णिमेची वंदना का थांबावी? सतरंजी अंथरायला छप्पर लागत नाही. मुलांना त्रिशरण-पंचशील शिकवायला निविदा काढावी लागत नाही.