बरोबरीची बाजू

‘३४ चाली खेळून शेवटी बरोबरीच? मग झालं काय?’ एका स्नेह्याचा हा प्रश्न मला बोचत राहिला. विषय होता २०१८च्या लंडनमधल्या बुद्धिबळ जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौथा डाव. पांढऱ्या सोंगट्या कार्लसनच्या, काळ्या कारुआनाच्या.

कार्लसनने इंग्लिश ओपनिंग मांडली. पटाचा मध्य लगेच प्याद्यांनी न व्यापता बाजूने त्यावर दाब आणायचा, हे तिचे सूत्र सर्वांना ठाऊक आहे. १९२४ साली न्यूयॉर्कला रेटीने असेच बाजूने येऊन, आठ वर्षे न हरलेल्या कापाब्लांकाला हरवले. तो डाव मी अजूनही पटावर मांडतो. पाहता पाहता कापाब्लांकाला हलायला जागाच उरत नाही, हे दर वेळी नव्याने थक्क करते.

लंडनला तसे घडले नाही. १९व्या चालीला वजिरांची मारामारी झाली आणि लगोलग दोघांचीही प्यादी एकामागे एक अडकली: कार्लसनची ई पट्टीत, कारुआनाची एफ पट्टीत. अशी जोडप्यादी म्हणजे एरवी कायमचे दुखणे. कारुआनाने राजा पुढे आणला, २९व्या चालीला एफ पट्टीतले प्यादे सरकवले. कार्लसनने ते मारले, राजाने परत मारले. एका अदलाबदलीत दोघांचेही दुखणे गेले. झाले ते हे!

बरोबरी दोन प्रकारची असते, संपलेली आणि संपवलेली. चौथा डाव संपलेला. बाराव्या डावात मात्र कार्लसनने वरचढ स्थितीत, हाताशी जास्त वेळ असताना, ३१व्या चालीला बरोबरी देऊ केली. ती संपवलेली. विजयाला तीन आणि बरोबरीला एकच गुण द्या, म्हणणाऱ्यांना हा फरक दिसत नाही. त्यांच्या हिशेबात चिवट बचाव आणि पळवाट यांची किंमत सारखीच. हे मला अन्यायाचे वाटते.

३० चालींआधी संमतीने बरोबरी नाही, हा लंडनचा नियमही तोकडाच. बारावा डाव त्याच्या पुढच्याच चालीला मिटला. मग संमतीची बरोबरी पूर्णच बंद का करू नये? करावीच, असे मला आता वाटते. पण मग माझा लाडका चौथा डावही सुटत नाही. शेवटी दोघांकडे दोन हत्ती, एक उंट, पाच प्यादी. कार्लसनचे दोन्ही हत्ती सी पट्टीत येऊन काळ्याच्या प्याद्यावर रोखलेले. कारुआनाने ते राखलेच असते, यात मला शंका नाही. पण ते त्याने पटावर राखून दाखवायला हवे होते.