आजीचा गळा

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात टीव्ही असतो, पण तो कुणी बघत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला कामाची अशी घाई असते की बाया रात्री नऊ-दहापर्यंत मूर्ती पुढ्यात घेऊन बसलेल्या असतात. कुणी सोवळं रंगवत असते, कुणी दागिन्यांना सोनेरी लावत असते. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर तर श्वास रोखूनच बसलेला असतो. नजर जरा हलली की रेघ गेली. त्यामुळे कोपऱ्यातल्या फळीवर लागलेली मालिका तिथे नुसती ऐकतात. सासू कोण, सून कोण, कोण खोटं रडतंय, सगळं आवाजावरून ओळखतात.

सप्टेंबर २०२० मध्ये अशाच एका कारखान्यात देवीच्या मूर्तींचं काम चाललं होतं. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मला बघून एक बाई म्हणाली, "ताई, ती आजी गेली ना साताऱ्याला. मालिका करता करता गेली." ती आशालता वाबगावकरांबद्दल बोलत होती. 'आई माझी काळूबाई' या मालिकेचं चित्रीकरण साताऱ्यात चालू होतं, तिथे त्यांना करोनाची लागण झाली आणि २२ सप्टेंबरला त्या गेल्या. वय ७९. मी म्हटलं, "त्या फार सुंदर गायच्या." त्या बाईने ब्रश खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "गायच्या? ती आजी?"

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. रोज रात्री जिचा आवाज कानावर पडत होता, ती गाते हे ऐकणाऱ्याला ठाऊकच नसावं, असं कसं झालं?

आशालताबाई मूळच्या गोव्याच्या. देवलांच्या 'संशयकल्लोळ'मधली रेवती त्यांनी केली. मग १९६४ साली दि गोवा हिंदु असोसिएशनने वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' रंगभूमीवर आणलं. संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं, पराशर रामदास कामत आणि सत्यवती आशालता. तेव्हा त्या जेमतेम बावीस-तेवीस वर्षांच्या होत्या. अभिषेकींच्या चाली अंगापिंडाने जुन्या नाट्यपदांपेक्षा वेगळ्या होत्या. ताना-आलापांची आतषबाजी त्यांना चालत नव्हती. पात्राच्या मनात जे चाललंय तेवढंच गळ्यातून यावं, अशी त्यांची मागणी होती. ती मागणी पुरी करायला नुसती गायिका पुरत नाही आणि नुसती नटीही पुरत नाही. बोलता बोलता गाण्यात शिरणारी आणि गाणं संपलं तरी भूमिकेतून बाहेर न पडणारी बाई लागते. आशालताबाई तशा होत्या.

त्यानंतरची कहाणी पटकन सांगून होते, आणि याचीच मला खंत आहे. १९८० मध्ये बासू चटर्जींचा 'अपने पराये' आला आणि हिंदीची दारं उघडली. पुढे मराठी-हिंदी मिळून शंभरावर चित्रपट. 'अंकुश'मधली आजी ज्यांनी पाहिली ते तिला विसरलेले नाहीत. चाळिशीच्या आसपास त्या पडद्यावर आई झाल्या, मग आजी झाल्या, आणि शेवटी दूरचित्रवाणीच्या मालिकांतून रोज घरात येऊ लागल्या. चेहरा सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. गाणं मात्र वाटेत कुठेतरी उतरवून ठेवावं लागलं.

रोह्याला माझी मावशी राहायची. तिच्या घरी टीव्ही आला तेव्हा मुंबई दूरदर्शनचं चित्र तिथवर धड पोचत नसे. मामा गच्चीवर अँटेना फिरवत उभे आणि खाली आम्ही ओरडतोय, "आलं, आलं, गेलं!" पडद्यावर नुसत्या मुंग्या, पण आवाज मात्र स्वच्छ. अशाच एका संध्याकाळी हिंदी चित्रपटातली कुठलीशी आई बोलू लागली. स्वयंपाकघरातून मावशी पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "अगं, ही आपली मत्स्यगंधा!" तिने ते नाटक कधी पाहिलेलं नव्हतं. रोह्याहून मुंबईला नाटक बघायला जाणं तिच्या संसारात बसणारं नव्हतं. पण आकाशवाणीवर नाट्यसंगीत लागलं की ती हातातलं काम सोडून ऐकायची. त्या ओळखीवर तिने, तोंड दिसत नसताना, बोलण्यातून गाणारी बाई पकडली. मावशीच्या आणि कारखान्यातल्या त्या बाईच्या मधे एक पिढी गेली. दोघींचे कान सारखेच तयार होते. दुसरीला गाणं ऐकायलाच मिळालं नव्हतं.

दोष एकट्या दूरचित्रवाणीचा नाही. गळा आणि चेहरा यांची फारकत त्याआधीच झाली होती. एके काळी दोन्ही एकाच बाईत असत. १९३३ साली नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केलं तेव्हा गोव्याहून आलेली ज्योत्स्ना भोळे ही एकोणीस वर्षांची मुलगी रंगमंचावर उभी राहिली आणि गायली. १९४२ मध्ये रांगणेकरांच्या 'कुलवधू'त तिनेच भानुमती केली. नवऱ्याला बायकोचं नाव आणि मिळकत सोसवत नाही, असा त्या नाटकाचा विषय. १९३७ च्या 'कुंकू'मध्ये शांता आपटे स्वतःची गाणी स्वतः गायल्या, संगीत केशवराव भोळ्यांचं. पण तोवर चित्रपटात पार्श्वगायन सुरू झालं होतं. एकदा गाणं दुसऱ्या गळ्यातून आणता येतं म्हटल्यावर नटीला गाता येण्याची गरज उरली नाही, आणि गायिकेला दिसण्याची. दोघींचीही त्यामुळे सोय झाली हे मान्य. तोटा झाला तो दोन्ही येणाऱ्या बाईचा.

अमेरिकेत टीव्हीवर असं झालं नाही. डायना शोर ही रेडिओवरची गायिका १९५१ साली टीव्हीवर आली आणि १९६३ पर्यंत स्वतःच्या नावाच्या कार्यक्रमात लोकांच्या घरात गात राहिली. तिथे टीव्ही आला तेव्हा गाणाऱ्या बायका रेडिओवर ऐन भरात होत्या, म्हणून टीव्हीने त्यांना गाण्यासकट उचललं. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तोवर संगीत नाटकाला उतरती कळा लागली होती आणि चित्रपटात पडद्यामागून गाण्याची रीत पक्की झाली होती. पुढे रोजच्या मालिका आल्या, त्यांनी तीच रीत उचलली. शीर्षकगीत कुणीतरी नामवंत गाणार, आणि ज्यांची ती कथा ते सगळे मुके.

याला एक रास्त उत्तर आहे आणि ते मी टाळणार नाही. नाटकाच्या दौऱ्यांत रात्ररात्र बसने जायचं, मिळेल तिथे झोपायचं, सकाळी घसा बसला तरी संध्याकाळी उभं राहायचं, ही जिंदगी खडतर होती. कॅमेऱ्याने नटीला नियमित काम दिलं, उतारवयात मान दिला आणि रोह्यासारख्या गावातल्या बायकांना ती घरबसल्या भेटली. आशालताबाईंनी ते काम मनापासून केलं, एकोणऐंशीव्या वर्षापर्यंत केलं. त्यांना कुणी गरीब बिचाऱ्या म्हणू नये. मला कीव त्यांची येत नाही, आपली येते.

कारण मालिकेतली न गाणारी आजी मुळात खोटी आहे. आमच्या पेण तालुक्यात आगरी घरात लग्न असलं की धवलारीण लागते. ती बहुधा वयस्क बाई. मंडपात बसून ती धवले गाते आणि तिच्या गाण्यावर एकेक विधी पुढे सरकतो. ती गायची थांबली तर सगळा मंडप थांबतो. नवरानवरीपासून घरच्या कर्त्या पुरुषापर्यंत सगळे तिचं ऐकतात. गौरीच्या रात्री फेर धरला की पहिली ओळ उचलते तीही बहुतेक म्हातारीच. वय झालं की बाईचं गाणं संपतं, असं आमच्या गावांनी कधी मानलं नाही. उलट वय झाल्याशिवाय काही गाणी गायचा अधिकारच येत नाही. मालिका लिहिणाऱ्यांनी आजीला काठी दिली, चष्मा दिला, देवघर दिलं, जपमाळ दिली. गाणं तेवढं दिलं नाही, आणि तेही आशालताबाई समोर बसलेल्या असताना.

त्यांनी स्वतः काय मानलं, ते त्यांच्या आठवणींच्या पुस्तकावर छापलेलं आहे. शंभरावर चित्रपट केलेल्या बाईला नाव द्यायला कुठलीही गाजलेली भूमिका चालली असती. पुस्तकाचं नाव आहे 'गर्द सभोवती'. ते 'मत्स्यगंधा'तल्या त्यांनी गायलेल्या पदाचं नाव आहे.

पुढच्या पावसाळ्यात मी त्या कारखान्यात 'मत्स्यगंधा'ची पदं लावली. दोन-तीन मिनिटं कुणी काही बोललं नाही, ब्रश चालू राहिले. मग तीच बाई म्हणाली, "परत लावा." आपल्या घरात टीव्हीसमोर बसणाऱ्या आई-आजी असतील, त्यांना तुम्हीही ही पदं एकदा ऐकवा. आणि घरातली म्हातारी धवले, फेर, ओव्या गात असेल तर या गौरी-गणपतीत तिच्याजवळ फोन ठेवून ते सगळं भरून घ्या.