अकरा महिन्यांचा करार आणि कढीपत्ता

चाकण, भोसरी, तळवडे इथल्या भाड्याच्या खोल्यांच्या गॅलरीत कंपनीचे युनिफॉर्म वाळत असतात. त्यांच्याखाली एखाद्या जुन्या बादलीत मेथी, मिरची, टोमॅटो दिसतात. लावणारा बीडचा, लातूरचा, कधी बिहारचा. बऱ्याच जणांच्या घरी शेती असते.

शेती सोडून आलेला पोरगा बादलीत पुन्हा शेती का करतो? गावची आठवण येते म्हणून, असं म्हणून विषय संपवता येईल. मला त्यात हक्काचा प्रश्न दिसतो. जी जागा आपली नाही तिथल्या मातीत राबलं, तर ती थोडी तरी आपली होते का?

पश्चिम महाराष्ट्रानं याचं एक उत्तर दिलेलं आहे. 'कसेल त्याची जमीन' या विचारातून कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी बऱ्याच कुळांना, ठरावीक किंमत भरून, मालक मानलं गेलं. पुढे १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. आधी पिंपरी-चिंचवडची, नंतर चाकणची शेतं कारखान्यांखाली गेली. उरलेल्या गुंठ्यांवर खोल्या उभ्या राहिल्या. आज तिथे दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याचा मुलगा राहतो. त्याच्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा, बहुधा अकरा महिन्यांचा कागद असतो. त्यानं राहण्याची परवानगी मिळते, जागेत हक्क मिळत नाही.

म्हणून मेथी सोयीची. महिन्याभरात ताटात येते. टोमॅटोची बादलीही उचलून नेता येते. पण अंगणात नळाजवळ लावलेला कढीपत्ता रोज तोडण्याएवढा व्हायला दोनेक वर्षं लागतात. खोली सोडताना तो मागेच राहणार. मग लावावा का?

'झाडं पुढच्यांसाठी लावायची असतात' हे कंत्राटी कामगाराला ऐकवणं मला अन्यायाचं वाटतं. ज्याला पुढच्या सहा महिन्यांची खात्री कुणी देत नाही, त्याच्याकडून आपण दोन वर्षांचा विचार मागतो. त्यानं फक्त मेथी लावली तर काहीच चुकत नाही.

तरी एखादा कढीपत्ता लावतोच. त्यामुळे अंगण त्याचं होत नाही. पण त्याच्या कष्टाचं देणं कुणावर तरी येतं, आणि ते घरमालकावर येतं असं मला वाटतं. एकेकाळी त्याच्याच घरात कुणीतरी कसण्याच्या जोरावर मालक झालं असेल. त्यानं ते रोप उपटू नये, रोज तांब्याभर पाणी नाकारू नये. आणि नव्या भाडेकरूनं फोडणीला चार पानं तोडली, तर ती कुणी लावली होती हेही त्याला सांगावं.