थेंबात मुरलेला दगड

निवांत बसा. श्वास येऊ द्या, जाऊ द्या. बाहेर पडणाऱ्या श्वासात कार्बन डायऑक्साइड आहे, त्याच्याकडे थोडा वेळ लक्ष असू द्या. चुनखडक विरघळवण्याची ताकद पाण्याला देतो तो हाच वायू.

आता मन मेघालयात, सोहराच्या पठारावर न्या. वर्षाला अकरा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख. एक थेंब निवडा आणि त्याच्याबरोबर खाली या. येता येता तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि किंचित आम्ल होतो; पीएच साधारण ५.६.

थेंब मातीत शिरला. इथे रेंगाळा. मुळं श्वास घेताहेत, कुजणाऱ्या पाल्यावर बुरशी आणि जिवाणू जगताहेत. त्या सगळ्यांच्या उच्छ्वासानं मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्यापेक्षा दहापट, कधी शंभरपट साठलेला असतो. थेंब तो पिऊन घेतो. खडक झिजवायचं बळ त्याला आभाळापेक्षा या जिवंत मातीकडून अधिक मिळतं. जंगल तोडलं की खालच्या खडकाचं झिजणंही बदलतं, हे मला फार गंभीर वाटतं.

खाली चुनखडक आहे: उथळ समुद्रातल्या जीवांच्या कवचांचा, पाच कोटी वर्षांहून जुना. थेंब त्याच्या फटीत उतरतो. कॅल्साइट कणाकणानं सुटतं, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट होऊन पाण्यात मिसळतं. पाणी मात्र नितळच दिसतं. त्या नितळपणात दगड आहे, हे मनात मुरू द्या.

फट संपते तिथे इथल्याच मॉम्लूह नावाच्या गुहेचं छत. थेंब लोंबकळतो. गुहेतल्या हवेत हा वायू मातीपेक्षा कमी असतो, म्हणून सोडावॉटरची बाटली उघडावी तसा तो थेंबातून निसटतो आणि पाण्याला चुना पेलवेनासा होतो. पाणी आटायचीही गरज नाही. वर ज्यानं दगड नेला, तोच थेंब खाली दगड बसवतो. असे थर साचत वाढलेल्या इथल्या एका स्तंभात सुमारे ४२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस कमकुवत झाल्याची खूण सापडली. त्यावरून २०१८ साली भूशास्त्रज्ञांनी आपल्या चालू कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव दिलं.

आता मराठवाड्याच्या काळ्या रानात या. इथला बेसाल्ट काही चुनखडक नव्हे, पण त्याच्या खनिजांत कॅल्शियम आहे आणि झिजताना ते मातीतल्या पाण्यात उतरतं. पाऊस कमी. ते वाहून न्यायला पाणी पुरत नाही. मुळं पाणी ओढतात, ऊन उरलेलं सुकवतं, आणि चुना जागीच गोठून पांढरट खडे होतात. अशा चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही. ऊस, भुईमूग पिवळा पडतो. शेतकरी म्हणतात, केवडा पडला.

असा एक खडा मनानं तळहातावर घ्या. त्यावर सौम्य आम्लाचे चार थेंब टाका आणि फेस उठताना पाहा. त्या बुडबुड्यांतला कार्बन बराचसा त्याच मातीतल्या मुळांनी आणि जिवाणूंनी केव्हातरी सोडलेल्या श्वासातला आहे.