ट्रॅक्टरचं हूड

आमच्या कन्नड तालुक्यात ट्रॅक्टर घरी आला की पूजा होते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. पेढे संपायच्या आत वाद सुरू होतो, हूड बसवायचं का? हूड म्हणजे ट्रॅक्टरवरचं छत. चार पाइप, वर पत्रा किंवा फायबर, नाहीतर रेक्झिन ताणलेलं. साध्या ट्रॅक्टरला ते बहुधा नसतंच, वेगळे पैसे मोजून बसवून घ्यावं लागतं. वेगळं घ्यायचं म्हटलं की कुणीतरी ते ठरवणं आलं. आणि एवढ्याशा ठरवण्यात माणसांची नियत उघडी पडते, असं मला वाटत आलं आहे.

आमच्या घरी पस्तीस एचपीचा ट्रॅक्टर आला तेव्हा मी कन्नडला कॉलेजात होतो. वडिलांना सगळं गाव आबा म्हणायचं, आम्हीही. हुडाबद्दल आबांचं म्हणणं एका वाक्यात संपायचं. "ऊन लागतं म्हणून कुणी शेती सोडली का?"

हे फक्त पैसे वाचवायचं बोलणं नव्हतं. आबांनी ज्वानी औतामागं घालवली होती. पावसात डोक्यावर पोत्याचा घोंगता, उन्हात फक्त पटका. ७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली. अंगावर ऊन घेणं ही त्यांच्या लेखी अडचण नव्हतीच, ती लायकी होती. ज्यानं ऊन सोसलं त्यानं पीक घरी आणावं, असा त्यांचा साधा न्याय. आपल्या बोलीतही तोच न्याय मुरला आहे. कष्टाळू माणसाचं कौतुक करताना आपण 'उन्हातान्हात राबला' म्हणतो. सावलीत राबला, असं कौतुक मी तरी ऐकलं नाही.

फरक एवढाच होता की आता ट्रॅक्टरवर आबा बसत नव्हते. ट्रॅक्टर चालवायला आम्ही एक ड्रायव्हर ठेवला होता. पन्नाशीचा माणूस, सगळे त्याला मामू म्हणायचे. आबा बांधावरच्या लिंबाखाली पाण्याची कळशी घेऊन बसायचे. आईनं एकदा जेवण वाढता वाढता हे बोलून दाखवलं. "ऊन मामूला लागणार, अन् लागत नाही म्हणून तुम्ही सांगणार. तुम्ही तर लिंबाखाली!" आबा गप्प जेवत राहिले. पण प्रश्नाची गाठ तिनं बरोबर ठिकाणी सोडली होती. सोसणं हा गुण आहे, पण तो स्वतःपुरता. दुसऱ्याच्या सोसण्यावर आपण मोठेपणा मिरवायला लागलो, की त्याला दुसरं नाव द्यावं लागतं.

मला मग जुन्या सावल्या आठवायला लागल्या. आपल्या शिवारात सावली कुणाकुणाला मिळायची? सवारी गाडीला तट्ट्या बांधून वर चवाळं टाकायचे, ते आत बसणाऱ्या लेकीबाळींसाठी, पाहुण्यांसाठी. गाडी हाकणारा पुढं, सावलीच्या बाहेर. गोठ्यावर छप्पर, कारण बैल मोलाचा. कडब्यावर ताडपत्री, कारण कडबा भिजला की गेला. जे किमतीचं त्याला आडोसा, हा हिशेब घराघरांत पक्का होता. काम करणारा माणूस काम करत असताना तेवढा या हिशेबात बसत नव्हता. दुष्टपणानं कुणी तसं करत नसे. कुणाला ते सुचतच नसे.

हुडाच्या विरोधात बोलणारे सगळेच निर्दयी होते असंही नाही. पारावर जे मुद्दे निघत ते खरे होते. आमच्याकडं बांधावर लिंब, बाभळी. फांदी हुडात अडकली की पाइप वाकतो, नाहीतर फांदी मोडते. गोठ्याच्या बुटक्या दारातून ट्रॅक्टर आत जात नाही. वळवाच्या वाऱ्यात पत्रा खडखडतो, नट ढिले होतात. पत्र्याखाली इंजिनचा आवाज घुमतो. आणि सगळ्यांत मोठा मुद्दा म्हणजे हुडाला लोक भलतंच समजतात. डोक्यावर छत आहे म्हणजे ट्रॅक्टर उलटला तरी आपण वाचू, असं पोरांना वाटतं. साधं हूड सावलीसाठी असतं. कित्येक क्विंटलचं धूड ओढ्याच्या काठावरून कलंडलं तर पातळ पाइपांचं काय होणार? उलटल्यावर माणूस चिरडू नये म्हणून जी मजबूत चौकट लागते ती वेगळी. स्वीडननं नव्या ट्रॅक्टरला अशी चौकट सक्तीची केली ती १९५९ साली, आणि पुढं तिथं ट्रॅक्टरखाली सापडून मरणारांची संख्या फार खाली आली. तेव्हा हूड बसवणाऱ्यानं एवढं तरी स्पष्ट सांगावं, की बाबा रे, ही सावली आहे, कवच नाही.

आमच्या नात्यातला एक पोरगा नौदलात आहे. सुट्टीवर आला असताना हा विषय निघाला तर तो हसायला लागला. म्हणाला, "काका, हेच भांडण आमच्याकडं शिडाच्या होडीवर असतं." छोट्या शिडाच्या होडीवर पुढून लाट फुटते आणि पाण्याचा फवारा थेट सुकाणूवर बसलेल्याच्या तोंडावर येतो. तो अडवायला आत उतरायच्या दारावर कमानी लावून कापडी आडोसा ताणतात. त्याला स्प्रे डॉजर म्हणतात. तो बसवावा की नाही यावर दोन तट. विरोधातले म्हणतात, वाऱ्याला अडथळा होतो, होडी वाऱ्याकडं चढताना मागं ओढली जाते. समोरचं नीट दिसत नाही, त्याच्या प्लॅस्टिकच्या खिडकीवर खारट पाणी वाळून पांढरं होतं. होडी हेलकावली की माणूस आधाराला त्याच्याच कमानीला धरतो आणि ती आधारासाठी केलेली नसते. आणि पाणी अंगावर घ्यायचं नसेल तर समुद्रावर यावंच कशाला? हे शेवटचं ऐकून मला आबाच आठवले.

बाजूनं बोलणाऱ्यांचा मुद्दा मात्र मला नवा होता. ते म्हणतात, प्रश्न सुखाचा नाही, डोक्याचा आहे. तासन्‌तास भिजलेला, गारठलेला माणूस चुका करतो. दोर चुकीचा सोडतो, नकाशा नीट वाचत नाही, शीड वेळेवर उतरवत नाही. आडोसा शरीराला असतो, पण त्यामुळं शाबूत राहते ती बुद्धी. आमच्या मे महिन्याच्या उन्हालाही हे लागू आहे. ट्रॅक्टरवर ऊन दोन बाजूंनी लागतं, वरून सूर्य आणि समोरून इंजिन. दुपारी दोनला डोळ्यांपुढं अंधारी येत असताना मागं रोटाव्हेटर फिरत असतो. त्या वेळी सावली ही चैन राहत नाही.

नौदलाच्या त्या पोरानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनात जास्त रुतली. नौदलाचे दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून 'म्हादेई' या शिडाच्या बोटीवर एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये परत आले. शिडाच्या बोटीतून एकट्यानं जगाला फेरा घालणारे ते पहिले भारतीय. 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. बोट बांधली जात असताना, ज्याला ती चालवायची होती तो माणूस तिथं हजर होता, कामात होता. आपण कुठं बसणार, काय हाताशी लागेल, हे त्याला आधीच विचारात घेता आलं. आमच्या गावात मी कितीतरी ट्रॅक्टर येताना पाहिले. रंग मालकाच्या पोरानं ठरवला, टेपरेकॉर्डर जावयानं ठरवला, पुढचं नाव भटजींनी सुचवलं. रोज दहा तास त्यावर बसणाऱ्याला कुणी विचारल्याचं आठवत नाही.

आईनं मात्र विचारलं. मामू डबा न्यायला दारात आले होते. "मामू, हूड पाह्यजे का हो तुम्हाला? तुम्हीच सांगा." मला वाटलं होतं, ते लगेच हो म्हणतील. ते म्हणाले, "नको भाभी. राहू द्या."

आबांना तर आयतंच मिळालं. पण मला ते खरं वाटेना. दोन दिवसांनी वावरात पाणी द्यायला गेलो तेव्हा मामूंना पुन्हा विचारलं. मामूंनी गमछानं तोंड पुसलं, थोडं इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाले, "भैया, आता कसंय, बारा वाजले की आबा स्वतःच हाक मारतात, मामू, ऊन फार झालं, या खाली. तीनपर्यंत मी लिंबाखाली. उद्या हूड आलं तर कामून हाक मारतील? म्हणतील, सावली हाय की डोक्यावर. मंग बारा बी माझे अन् दोन बी माझे."

मी यावर फार विचार केला आहे. शिकलेल्या माणसाला जे सुचलं नाही ते मामूंनी एका दमात सांगितलं होतं. उन्हाचा त्रास होता, पण त्या त्रासातच त्यांचा विसावा दडलेला होता. ऊन मालकाला दिसत होतं, म्हणून मालकाला थांबवावं लागत होतं. हुडानं ऊन गेलं असतं आणि त्याबरोबर थांबायचं कारणही. म्हणजे सावली मामूंना मिळाली असती आणि तिची कमाई आम्हाला.

हे फक्त आमच्या वावरातलं नाही. सॅम पेल्ट्झमन नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९७५ साली असं मांडलं की मोटारी सुरक्षित केल्या की लोक जास्त बेफाम चालवतात, त्यामुळं सुरक्षेचा बराचसा फायदा खर्ची पडतो. त्याच्या आकड्यांवर पुढं पुष्कळ वाद झाले आणि पट्ट्यांनी जीव वाचतात हे सिद्धही झालं. पण त्यानं मांडलेला प्रश्न टिकून आहे, आडोसा मिळाल्यावर माणूस त्याचं काय करतो? मामूंचा प्रश्न त्याच्याही पुढचा होता. आडोसा एकाला मिळाला आणि तो खर्च करायचा हक्क दुसऱ्याच्या हातात असला, तर काय होतं? मोटारीत निदान दोन्ही एकाच्याच हातात असतं. एकट्यानं समुद्रावर निघालेल्यालाही आडोशाखाली बसायचं का पुढं दामटायचं, हे स्वतः ठरवता येतं. सालानं राहिलेल्या ड्रायव्हरला ते ठरवता येत नाही.

२००५ चा रोजगार हमीचा केंद्राचा कायदा झाला तेव्हा त्यातली एक ओळ मी मुद्दाम लक्षात ठेवली. कामाच्या ठिकाणी पिण्याचं शुद्ध पाणी, प्रथमोपचार पेटी, आणि मुलांसाठी व विसाव्याच्या वेळेसाठी सावली असावी, असं त्यात होतं. प्रत्यक्षात किती कामांवर ते दिसलं हा वेगळा विषय. पण लिहिणारानं सावली आणि विसावा एकाच ओळीत ठेवले, हे मला शहाणपणाचं वाटलं. नुसती सावली लिहिली असती तर मामूंची भीती खरी ठरायला वेळ लागला नसता.

मामू काय म्हणाले ते मी आईला सांगितलं आणि आईनं आबांना. आबा रागावतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "म्हणजे त्याला माझा भरवसा नाही." आई म्हणाली, "भरवसा तुमचा आहे. उद्या पोरं मालक होतील, त्यांचा नाही." हे माझ्यावरच होतं, आणि रास्त होतं.

शेवटी हूड बसलं. पत्र्याचं नाही, रेक्झिनचं, नट काढले की उतरवता येईल असं. बांधावरच्या दोन फांद्या छाटल्या. आणि आबांनी पारावर, चार लोकांत सांगितलं, "हूड असो नसो, बारा ते तीन आपला ट्रॅक्टर उभा राहील." चार लोकांत सांगितल्यामुळं ते मोडणं अवघड झालं. पेरणीच्या घाईत मामूच कधी कधी म्हणत, "आबा, आज पाऊस येईल, चालू ठेवतो." ते चालायचं. थांबायचा हक्क ज्याचा, न थांबायचाही त्याचाच.

आता आमच्याकडं एसी केबिनच्या ट्रॅक्टरची चर्चा आहे. अद्रकवाले, मकावाले पैसे राखून आहेत, येतीलही. माझा त्याला विरोध नाही. माणसानं विनाकारण भाजून घ्यावं यात पुण्य आहे असं मी मानत नाही, आणि जुन्या सोसण्याचे पोवाडे मला आता ऐकवत नाहीत. पण कुणी सल्ला विचारायला आला की मी किंमत, कंपनी, डिझेल हे त्याच्यावर सोडतो आणि दोनच गोष्टी विचारतो. त्या सीटवर बसणाऱ्याला विचारलंस का? आणि गारव्यात बसवल्यावर त्याची दुपार त्याच्याकडं ठेवशील, की तीही लिहून घेशील? पहिल्याचं उत्तर लोक चटकन देतात. दुसऱ्याला जरा थांबतात.

ते थांबतात तेव्हा मी घाई करत नाही. आडोसा पत्र्याचा असो, कापडाचा असो की काचेचा, त्याखाली बसणाऱ्याला तो आपला वाटला पाहिजे. तसा वाटण्यासाठी पैसे पुरत नाहीत, शब्द द्यावा लागतो, आणि तो चार लोकांत द्यावा लागतो.