पाचवे कारण

नारळी पौर्णिमा, शिमगा किंवा चैत्रातील एकवीरा आईची यात्रा जवळ आली की वेसाव्याच्या कोळीवाड्यात मंडळामंडळांतून एकरंगी टोप्यांची मागणी निघते, आणि त्या टोप्यांच्या कपाळावर आईचे किंवा आपल्या होडीचे नाव ठसठशीत धाग्याने भरलेले असावे असा मंडळींचा आग्रह असतो. हे भरतकाम आता बहुधा यंत्रावरच होते. संगणकावर पंचिंग करून घेतलेली आकृती यंत्र हुकमाबरहुकूम टाक्याटाक्याने उतरवीत जाते. परंतु सपाट कापडावर निमूटपणे चालणारे हेच यंत्र टोपी चढविताच हट्टाला पेटते. धागा तुटतो, सुई मोडते, अक्षरे एका अंगाला सरकतात, कडेची रेघ आणि आतील भरणी यांची फारकत होते. अशा वेळी कारागिराच्या तोंडून ‘आज नशीबच खोटे’ असा जो उद्गार निघतो, तो वरकरणी क्षुल्लक असला तरी त्याच्या पोटात एक पुरातन प्रश्न आहे: बिघडलेल्या कर्माची जबाबदारी कोणाची?

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात या प्रश्नाचा निवाडा फार पद्धतशीरपणे केलेला आहे. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव, अशी प्रत्येक कर्माची पाच कारणे चौदाव्या श्लोकात सांगितली आहेत. आणि पुढच्याच श्लोकात असेही बजाविले आहे की, कर्म न्याय्य असो वा विपरीत, त्याच्या मुळाशी हीच पाच कारणे असतात. म्हणजे यशाचे कारण एक आणि अपयशाचे दुसरे, ही आपल्या अहंकाराला सोयीची वाटणी गीतेला मान्य नाही.

आता ही यादी घेऊन यंत्रापाशी उभे राहावे. अधिष्ठान म्हणजे येथे ती टोपीच. तिचे कपाळ वक्र, आत ताठ बकरम, आणि बरोबर मधोमध, जेथे अक्षर यावयाचे तेथेच, शिवणीचे जाड थर. टोपी फ्रेमवर घट्ट बसली नाही तर कापड खालच्या पट्टीपासून अधांतरी राहते, सुई वर येताना तेही तिच्याबरोबर उचलले जाते, धाग्याचा फास नीट पडत नाही, आतील हुकाला तो सापडत नाही आणि टाका चुकतो. म्हणून जाणता कारागीर आतील घामपट्टी बाहेर उलटवून, मागे पेपर लावून, फ्रेमचा पट्टा अगदी सांध्यावर आवळतो. करणांमध्ये सुई, धागा, बॉबिन आणि हूक येतात. बोथट सुई शिवणीच्या कडेवर घसरते व वाकते, म्हणून तीक्ष्ण टोकाची, बहुधा ११ नंबरची सुई घालावी लागते. आणि सॅटिनची पट्टी उलट बाजूने पाहिली असता मधला सुमारे एक-तृतीयांश भाग बॉबिनच्या धाग्याचा दिसला, तर ताण योग्य आहे असे समजावे. चेष्टांमध्ये वेग आणि क्रम मोडतात. सपाट कापडावरचा वेग टोपीला सोसत नाही. मिनिटाला सुमारे ६०० टाक्यांवर तो आणावा लागतो, आणि अक्षरे डावीकडून उजवीकडे न भरता मध्यापासून बाहेर व खालून वर भरावी लागतात, नाहीतर कापड पुढे ढकलले जाऊन सुरकुती अखेरच्या अक्षरापाशी जमा होते. राहिला कर्ता, त्याची घाई आणि त्याचे जागरण हीही तपासणीच्या कक्षेबाहेर नाहीत.

या चारींची झडती पुरी होईपर्यंत दैवाचे नाव घेण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही, हा मला त्या क्रमाचा खरा अर्थ वाटतो. जाळे, दोर आणि इंजिन न पाहता दर्याला दोष देणाऱ्या तांडेलाच्या होडीवर कोणता खलाशी चढेल? झडतीचाही एक धर्म आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सुई, ताण आणि वेग ही तिन्ही एकदम बदलून काम सुधारले, तर टोपी पार पडते, पण ज्ञान हाती लागत नाही.

मग दैव निरर्थक म्हणावे काय? तसेही नाही. टोपी जेथे शिवली गेली तेथील कोणाच्या तरी हयगयीने मधली शिवण वाकडी आली, अथवा पंचिंग करणाऱ्याने सपाट कापडासाठी बेतलेली आकृतीच टोपीसाठी पाठवून दिली, तर यंत्रापाशी बसलेल्याच्या वाट्याला ते दैव म्हणूनच येते. एकाचे दैव हे पुष्कळदा दुसऱ्याचे न तपासलेले कर्म असते. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचा विचार एकाच प्रकरणात केला, तो उगाच नव्हे, बंधन कोठवर आहे हे नेमके कळल्यावाचून स्वातंत्र्य कोठून सुरू होते तेही कळत नाही.

गीतेचा सोळावा श्लोक याच्याही पुढे जातो. केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला तो यथार्थ दृष्टीचा समजत नाही. आणि जो न्याय स्वतःपुरता, तोच दुसऱ्याला लावला तर केवळ समोरच्या मनुष्यालाच कर्ता ठरविणाराही त्याच दोषाला पात्र होतो. टोपी खराब निघाली की चौकशीवाचून कारागिराच्या मजुरीतून रक्कम वजा करणारा मालक पाच कारणांपैकी एकच पाहतो, आणि तेही जे सर्वांत दुबळे असते ते. ज्या नावाच्या टोप्या आपण यात्रेला मिरवितो त्या नावाची चाड असेल, तर आधी पाचही कारणे तपासावीत आणि मगच कोणाच्या कसुराचा फैसला करावा.