कांठावरची बादली

धाम नदीच्या कांठीं आंजी (मोठी) येथें एका विहिरीचा गाळ काढण्याचें काम चाललें आहे, व वर कांठावर पाण्यानें भरलेली बादली ठेविली आहे, असें वाचकांनीं मनांत आणावें. बादली हालत नाहीं, कोणास ढकलीत नाहीं. पाहणारा म्हणेल, हिच्यांत बळ तें काय? परंतु लहान मुलाचा धक्का लागून ती आंत पडली, तर तळाशीं असलेल्या मनुष्याचें काय होईल? इतकें बळ त्या मुलाच्या हातांत खचित नव्हतें. तें बादलींत आधींच होतें.

उंच ठेविलेल्या वस्तूंत सांठलेल्या ह्या बळास पदार्थविज्ञानांत स्थितिज ऊर्जा म्हणतात, व चालत्या वस्तूंतील बळास गतिज ऊर्जा. पहिलें नांव स्कॉटलंडांतील रँकिन ह्या विद्वानानें १८५३ सालीं योजिलें. दहा किलो पाणी दहा मीटर वर ओढलें म्हणजे त्यांत सुमारें ९८० ज्यूल ऊर्जा सांठते. तें पडूं लागलें कीं अर्ध्या वाटेवर अर्धी ऊर्जा गतिज होते. तळाशीं पोंचतांना सगळीच गतिज होऊन वेग सेकंदास १४ मीटर भरतो. हवेचा अडथळा सोडल्यास बेरीज कोठेंही बदलत नाहीं.

तर मग हे ९८० ज्यूल कोणाचे? पाण्याचे नव्हेत, पाणी खालीं होतें तेव्हांही तेंच पाणी होतें. ते ओढणाऱ्याच्या दंडाचे. शिवाय, उंची ही कोणापासून मोजावयाची हाही प्रश्न आहेच. अंगणांत उभ्या असलेल्यास ती बादली म्हणजे कांहींच नव्हे. विहिरींत उतरलेल्यास ती मृत्यु आहे.

गांवांत सावकार असतो, शिक्षक असतो, आमच्या मंडळींतील वडीलही असतात. "आम्ही कोणास कांहीं केलें नाहीं, आपले स्वस्थ बसलों आहों," असें त्यांच्या तोंडीं पुष्कळदां येतें, व तें खोटेंही नसतें. पण खालचा मनुष्य त्यांच्यासमोर हळू आवाजांत कां बोलतो? कोणी म्हणेल, बादलीस मन नाहीं, मनुष्यास आहे. खरें, पण त्यानें मनुष्याची जोखीम वाढते, कमी होत नाहीं.

सांठलेलें बळ वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी सुमारें ५०० मीटर खालीं खोपोलीस नेऊन टाटांनीं १९१५ सालीं मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविण्यास आरंभ केला. आणि १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें अपुरें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंही धरण फुटलें, व पुण्याच्या नदीकांठच्या पेठा बुडाल्या. पेठांवर आदळलें तें बळ फुटण्याच्या घटकेस उत्पन्न झालें नव्हतें. पावसानें तें उंचावर आणून टाकिलें होतें, व मनुष्यांनीं तेथें अडवून धरिलें होतें.

विहिरींत माणूस उतरावयाचा असला म्हणजे जाणतीं माणसें प्रथम कांठ रिकामा करवितात. बादली आपण होऊन पडणार आहे काय, असें त्या वेळीं कोणी विचारीत नाहीं.